लग्नाच्या कॅमेऱ्यावर सिनेमा कसा करायचा: मिडी झीच्या वाटेने

जून उजाडला, लग्नं संपली, कॅमेरे सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात गेले, की आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक सिनेमा सुरू होतो. रत्नागिरीत लग्नाचं शूटिंग करणारे माझ्या ओळखीचे जेवढे आहेत, त्यातल्या बहुतेकांकडे एक स्टोरी तयार आहे. ती दरवर्षी "एक बरा प्रोड्युसर भेटू दे" इथे येऊन थांबते. मग गणपती येतात, तुळशीचं लग्न होतं, ऑर्डरी सुरू होतात आणि स्टोरी परत मोबाइलच्या नोट्समध्ये जाऊन बसते.

हे टिपण अशांसाठी आहे. कुठली लेन्स घ्या, कुठला लाइट घ्या हे यात फारसं नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. तीन माणसं, हाताशी असलेला कॅमेरा आणि खिशाला झेपेल एवढा खर्च, यात सिनेमा उभा करायचा तर लिहायला कुठून बसायचं, एवढंच सांगायचं आहे. मी हे ज्याच्या कामातून उचललं तो माणूस ब्रह्मदेशातला. म्हणून आधी त्याची ओळख.

त्याचं नाव मिडी झी. चिनी नाव चाओ ते-यिन. जन्म 1982 चा, शान राज्यातल्या लाशो गावचा. मंडालेहून निघालेली रेल्वे जिथे संपते आणि चीनकडे जाणारा जुना बर्मा रोड जिथून सुरू होतो ते हे लाशो. घर चिनी वंशाचं, बोली युन्नानी. सोळाव्या वर्षी तो तैवानला शिकायला गेला. शिकता शिकता बांधकामावर राबला, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबला, घरी पैसे पाठवले. पुढे तैपेईत डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. चित्रपटाच्या शाळेत तो गेला तो अगदी उशिरा: 2009 साली गोल्डन हॉर्स (तैवानचा मोठा चित्रपट महोत्सव आणि पुरस्कार) अकादमीची पहिली तुकडी निघाली, तैवानचे नामवंत दिग्दर्शक होऊ शाओ-शिएन यांच्या देखरेखीखाली, तिच्यात तो होता. तोवर त्याच्या हातून छोट्या फिल्म्स होऊन गेल्या होत्या.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. त्याच्या हाती कॅमेरा आला तो लग्नांमुळे. गावाकडच्या मित्रांनी त्याला तैवानमधून एक डीव्ही कॅमेरा घ्यायला सांगितला होता, लाशोकडे लग्नाची शूटिंगं करायला. लष्करी राजवटीत असला कॅमेरा देशात नेणं सोपं नव्हतं. तो त्याच्याकडेच राहिला, आणि मग त्यानेच तो चालवायला घेतला. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. आम्ही लग्नाच्या कॅमेऱ्याने सिनेमा करायचं म्हणतो, आणि या गड्याचं लग्नाचं शूटिंग राहून गेलं म्हणून सिनेमा झाला.

आमच्या गावात ब्रह्मदेश म्हटलं की थिबा राजा आणि त्याचा राजवाडा. बाकीच्या महाराष्ट्राला मंडालेचा तुरुंग आणि टिळक. दोन्ही गोष्टी शंभर वर्षांहून जुन्या. त्या देशातली आजची माणसं कुठे राबायला जातात, कोणाकडे उसने मागतात, मोटारसायकल कशी घेतात, हे मला याच्या सिनेमांतून कळलं.

आधी माणसं मोजा, मग लिहा

आपण उलटं करतो. आधी स्टोरी लिहितो, मग तिला किती माणसं लागतील ते बघतो, मग हात टेकतो. मिडी झीचा पहिला मोठा चित्रपट 'रिटर्न टू बर्मा' 2011 चा. तो त्याने लाशोत केला तो काळ बघा. नोव्हेंबर 2010 मध्ये वीस वर्षांनी देशात निवडणूक झाली होती, लष्कराच्या देखरेखीखाली. रीतसर शूटिंग करायचं तर पटकथा सरकारदरबारी मंजुरीला द्यायची. त्याने ती भानगडच ठेवली नाही. लहान कॅमेरा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, आणि ओळखीपाळखीतले लोक पडद्यावर. गोष्ट अशी की तैवानमध्ये बांधकामावर राबणारा एक तरुण बऱ्याच वर्षांनी घरी येतो, सोबत कामावर मेलेल्या दोस्ताच्या अस्थी घेऊन. मग तो गावात फिरतो. कोणाला भेटेल त्याला विचारतो: तुझं कसं चाललंय, काय मिळतात महिन्याला, अमुक धंदा टाकला तर चालेल का.

बस, एवढंच आहे. पण नीट बघितलंत तर यातला प्रत्येक सीन तीन माणसांच्या युनिटला झेपणारा आहे. रस्ता अडवायला लागत नाही, गर्दी जमवायला लागत नाही, सेट नाही. ही गरिबी शूटिंगच्या दिवशी अंगावर आलेली नाही. ती लिहितानाच धरलेली आहे, म्हणून पडद्यावर केविलवाणी वाटत नाही. हा चित्रपट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता.

तर पहिलं काम हे. वही घ्या. ज्या जागांवर तुम्हाला कोणाचे पाय न धरता कॅमेरा लावता येतो, त्या लिहून काढा. स्वतःचं घर, मामीचं घर, मित्राचं गॅरेज, ओळखीची पिठाची गिरणी, ज्या मंगल कार्यालयात आपण वर्षभर पडीक असतो ते कार्यालय रिकामं असताना. दुसऱ्या पानावर जी माणसं तुम्हाला चार दिवस देतील ती लिहा. नाव आणि पुढे ते रोज काय काम करतात ते. "ॲक्टिंग येते का" हा रकाना ठेवू नका. या दोन पानांबाहेरचं काहीही स्टोरीत आलं की खोडा. गर्दी हवीच असेल तर जी आपसूक असते तीच: एसटी स्टँड, आठवडा बाजार, शिमग्याची पालखी.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून घेऊ नका, ती म्हणजे चोरून शूटिंग. त्याची गरज तिथल्या राजवटीने पाडली होती. आपल्याकडे ग्रामपंचायतीला, जेटीवर, एसटीच्या आगारात एक अर्ज देऊन आणि चहा पिऊन बरंच काम होतं. पोलीस ठाण्यात एक पत्र टाकून पोच घेऊन ठेवा. ड्रोन घरीच ठेवा. रत्नागिरीचं विमानतळ तटरक्षक दलाचं आहे, तिकडे उडवलात तर सिनेमा राहील बाजूला. आणि तसाही ड्रोनचा शॉट आला की सगळं लग्नाच्या टीझरसारखंच दिसायला लागतं.

सीन म्हणजे व्यवहार

आता मुख्य मुद्दा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मिडी झीच्या सिनेमात माणसं आपलं दुःख बोलत बसत नाहीत. ती भाव करतात. 2014 चा 'आइस पॉयझन' घ्या. डोंगरावर भाजी पिकवणारे बाप-लेक. मालाला भाव नाही. दोघं खाली शहरात उतरतात आणि ओळखीच्यांकडे उसने मागत हिंडतात. ज्याच्या दारात जावं तो आपलंच रडगाणं सांगतो. शेवटी बाप आपली गाय एकाकडे गहाण ठेवतो आणि बदल्यात त्याची स्कूटर घेतो. पोरगा स्टँडवर उतारू शोधणार. पैसे फिटले नाहीत तर गाय कसायाकडे जाणार. पोराला धंदा जमत नाही. मग त्याला एक बाई भेटते. चीनमध्ये लग्न करून दिलेली, आजोबांच्या मयतीसाठी परत आलेली, आपल्या मुलाला तिकडून आणायचंय म्हणून पैसा हवा असलेली. ती 'आइस' नावाची नशा पोचवायचं काम धरते आणि याला ड्रायव्हर म्हणून घेते. पुढचं सांगत नाही.

बघा, यात प्रत्येक पायरीला कोणीतरी कोणाला तरी काहीतरी देतो आणि त्याबदली काहीतरी मागतो. गाय द्या, स्कूटर घ्या. फेरी मारा, भाडं घ्या. पुडी पोचवा, जास्त भाडं घ्या. प्रेक्षकाच्या डोक्यात हिशेब चालू राहतो, म्हणून लांबलचक शॉटमध्येही तो हलत नाही. मला कोणी विचारलं की एवढा संथ सिनेमा बघवतो कसा, तर माझं उत्तर हेच असतं: गाय वाचते का हे बघायचं असतं.

'द रोड टू मंडाले' 2016 चा. नाव मंडालेचं, चित्रपट मात्र घडतो थायलंडमध्ये. ब्रह्मदेशातून कागदपत्रांशिवाय निघालेली लियानचिंग आणि त्याच गाडीत भेटलेला ग्वो. सुरुवातीचा सीन प्रत्येक पटकथा लिहिणाऱ्याने पाठ करावा असा आहे. सीमा ओलांडून नेणाऱ्या गाडीत जागेप्रमाणे दर आहे. पुढची सीट महाग, डिकी स्वस्त. ग्वोने सीटचे पैसे भरलेत, तिने कमी. तो आपली सीट तिला देतो आणि स्वतः डिकीत जाऊन पडतो. "मला तू आवडलीस" हे वाक्य कुठे नाही, गरजही नाही. पुढे ती बँकॉकमध्ये भांडी घासते, मग कारखान्यात लागते, आणि तिचा सगळा जीव ओळखपत्रावर. त्याला वाटतं, दोघांनी मिळून चार पैसे साठवावेत आणि गावी परतावं. तिला परतायचंच नाही. दोघांचं भांडण हे पैसे कशावर घालायचे याचं भांडण आहे, आणि त्यातूनच शेवटचा भयंकर प्रकार घडतो. त्याच्या गावाकडे खरोखर घडलेल्या एका घटनेवरून त्याने हे लिहिलं.

हे आपल्याला कसं वापरायचं ते सांगते. माझ्याकडची स्टोरी आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची आहे. आमच्याकडे बागांवर नेपाळी माणसं असतात, मोहोराआधी येतात, आंबा उतरला की जातात. मी ज्यांच्यावरून लिहिते त्यांना सगळे दाजू म्हणतात, मीही. ते मला दीदी म्हणतात, वयाने माझ्यापेक्षा मोठे असूनही. पहिल्या लिखाणात दाजू संध्याकाळी मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) पायरीवर बसून डोंगराकडे बघत होते आणि मागे बासरी. छान दिसलं असतं. अर्थ शून्य.

मग मी सीनच्या माथ्यावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: देणारा कोण, घेणारा कोण, काय आणि किती. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो सीन बाद. बासरी आपोआप गेली. राहिलं ते असं. बागायतदाराकडे सीझनच्या आधी उचल मागणं, आणि त्याने "गेल्या वर्षीची फिटली का" म्हणून वही उघडणं. झेल्यातून (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीतून) निसटून आंबा खाली पडला की तो पेटीत जात नाही; मग पडलेल्या आंब्यांची टोपली संध्याकाळी कोण घेऊन जातो, दाजू की मुकादम. घरी पैसे धाडायच्या दुकानात कमिशन किती कापतात त्यावर घासाघीस. नेपाळच्या माणसाला इथे राबायला व्हिसा लागत नाही, पण सिमकार्ड आणि बँकेचं खातं म्हटलं की कागद मागतातच, मग कोणाच्या तरी नावावर सिम, आणि ज्याच्या नावावर सिम त्याचा वरचष्मा.

यातला वहीचा सीन जरा जवळून सांगते. बागायतदार ओटीवर झोपाळ्यावर. दाजू खाली पायरीवर, चपला अंगणात. मधे वही. आकडा कोणीच मोठ्याने बोलत नाही. मालक वही फिरवून दाजूंकडे सरकवतो, दाजूंना मराठी आकडे वाचता येत नाहीत, ते बोट ठेवतात, मालक मान हलवतो, बोट खाली सरकतं, मालक पुन्हा मान हलवतो. तीन वेळा. मग आतून चहा येतो आणि विषय संपतो. एक शॉट, कट नाही, संवाद तीन ओळींचे. कितीही कसलेला नट आणला तरी रडून-भेकून यापेक्षा जास्त सांगता येणार नाही.

नटाला आधी कामाला लावा

मिडी झीच्या बऱ्याच चित्रपटांत वू के-शी आहे. ती तैवानची अभिनेत्री. लाशोकडची बाई वाटावी म्हणून ती युन्नानी बोली शिकली. 'द रोड टू मंडाले'साठी ती आणि नायक को चेन-तुंग, जो तैवानमध्ये चांगला नावाजलेला हिरो होता, दोघांनाही त्याने मजुरांमध्ये राहायला आणि काम करायला लावलं. पडद्यावर ती भांडी घासते तेव्हा बोटं बघा. पाण्यात राहिलेल्या हातांची घाई वेगळी असते.

तुमच्याकडे नाटकातला पोरगा असेल तर त्याला संवाद देण्याआधी आठवडाभर बागेत पाठवा. झेल्याची काठी किती जड असते, मान वर करून मानेचं काय होतं, चीक अंगावर उडाला की कसं पोळतं, हे कळल्यावर तो हातवारे आपोआप कमी करेल. राज्य नाट्य स्पर्धेतल्या मंडळींना हे पटायला वेळ लागतो. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडलेला असतो, आणि इथे कॅमेरा दोन हातांच्या अंतरावर.

ज्यांना आठवडा देता येत नाही त्यांना नटाचं काम देऊच नका. त्यापेक्षा जो रोज ते काम करतो त्यालाच घ्या आणि बोलणं कमी ठेवा.

कॅमेरा कोपऱ्यात, गिंबल पेटीत

इथे आपली बाजू वरचढ आहे. लग्नात रीटेक नसतो. अंतरपाट एकदाच दूर होतो. तो कुठून नीट दिसेल हे आपल्याला मंगलाष्टकं संपायच्या आधी कळलेलं असतं, आणि भटजींच्या खांद्याआडून, करवल्यांच्या मधून आपण ती जागा धरलेली असते. जे घडणार आहे त्याच्या आधी जागेवर पोचून गप्प उभं राहणं, हे सिनेमाच्या शाळेतल्या मुलांना शिकावं लागतं. आपल्या अंगात ते आहे.

सोडायच्या सवयी दोन. पहिली, गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारा दांडा) घेऊन सतत फिरणं. मिडी झीचे शॉट बहुतेक स्थिर असतात, कॅमेरा एका जागी, माणसं आत येतात, बोलतात, निघून जातात. स्टँडवर लावा, फ्रेम ठरवा, मग हात मागे बांधा. दुसरी, स्लो मोशन. हळदीत बरं दिसतं. उसने मागायला आलेल्या माणसाला स्लो मोशनमध्ये दाखवलं तर चेष्टा होते.

थोडं तांत्रिक. लांब शॉट घ्यायचे तर कॅमेरा तापतो, काही मॉडेल अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग आपणहून बंद करतात, तेवढं आधी तपासा. घरातल्या ट्यूब-एलईडीच्या उजेडात 25 फ्रेमला शटर 1/50 ठेवा, नाहीतर पट्टे येतात. उन्हात एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लावा, शटर वाढवू नका.

आवाजावर मात्र पैसे घाला. माझा भाचा बॅगा उचलायला येतो तो आता फक्त आवाज बघतो. कॉलर माईक सदऱ्याच्या आत, आणि एक रेकॉर्डर वेगळा, जागेचा आवाज घ्यायला. सीन झाला की सगळ्यांना एक मिनिट मुकाट उभं करायचं आणि नुसती जागा रेकॉर्ड करायची. एडिटला तेच मिनिट जोड लपवतं. घरात शूटिंग असेल तर फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. संगीत अजिबात न टाकता पहिला एडिट करून बघा. 'आइस पॉयझन'मधला स्कूटरचा आवाज मला अजून ऐकू येतो.

घरच्या माणसांवर कॅमेरा

त्याने माहितीपटही केले. 'सिटी ऑफ जेड', 2016, त्याच्या थोरल्या भावावर आहे. ब्रह्मदेशातल्या काचिन राज्यात फाकांतच्या खाणींत जेड, म्हणजे दागिन्यांचा मौल्यवान हिरवा दगड, निघतो. 2011 मध्ये काचिन बंडखोर आणि लष्कर यांच्यातला तह मोडला, लढाई पेटली, मोठ्या कंपन्या हटल्या आणि त्या रिकाम्या डोंगरांवर गरीब लोकांची झुंबड उडाली. भाऊ त्यातला एक. घर सोडून नशीब शोधायला गेलेला, अफूच्या नादी लागलेला, तुरुंग बघून आलेला. मिडी झी स्वतः कॅमेरा घेऊन त्याच्यामागे जातो आणि स्वतःच्या आवाजात सांगतो की हा भाऊ मला नीट माहीतच नाही.

असं काही करायचं मनात असेल तर दोन पथ्यं. घरच्या माणसाला कॅमेरा दिसला पाहिजे, लपवून घेतलेलं फुटेज कितीही जबरदस्त असलं तरी पुसा. आणि सांगणारा आवाज तुमचाच ठेवा, भाड्याचा नको. आपल्याकडे माहितीपट म्हटलं की लगेच आकाशवाणीचा भारदस्त आवाज शोधायला निघतात. थोरल्या भावाबद्दल परका माणूस भारदस्त आवाजात काय सांगणार?

मोजदाद असलेली गोष्ट

काहीच सुचत नसेल तर 'फोर्टीन ॲपल्स' बघा, 2018 चा. वांग शिन-हाँग हा त्याचा मित्र, 'रिटर्न टू बर्मा'मधला तोच नायक. त्याला झोप येत नाही. मंडालेत एक ज्योतिषी त्याला सांगतो: खेड्यातल्या मठात जाऊन 14 दिवस भिक्षू हो आणि रोज एक सफरचंद खा. तो 14 सफरचंदं घेऊन निघतो. वाटेत गाडी वाळूत रुतते. मठात गेल्यावर गावातले लोक त्यालाच खरा भिक्षू समजून पाया पडतात आणि आपल्या अडचणी सांगतात. बायका डोक्यावर पाणी घेऊन चालतात आणि कॅमेरा त्यांच्या मागे चालतच राहतो, चालतच राहतो.

यातली युक्ती ही की सिनेमाची लांबी-रुंदी ज्योतिषानेच ठरवून दिली. किती दिवस, किती फळं, सगळं आधीच बांधलेलं. आपल्याकडे अशा गोष्टींना काय तोटा! गावातला अखंड हरिनाम सप्ताह घ्या. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लागलेले. रात्रीच्या दोन ते चारच्या पहाऱ्याला कोण येतं, कोण येत नाही, कोणाच्या बदली कोण उभा राहतो आणि त्याबदल्यात काय ठरतं, एवढं शूट केलंत तरी गावाचं राजकारण पडद्यावर येईल. व्यवहाराचा रकाना इथेही भरायचा आहेच.

माहितीपट आणि गोष्ट यांच्यातलं कुंपण तो फारसं मानत नाही. गोष्टीतली माणसं खरी, माहितीपटातला प्रसंग गोष्टीसारखा. तुम्हीही त्यात अडकू नका. स्पर्धेचा फॉर्म भरताना काय तो निर्णय घ्या.

पुढे काय झालं

पैसा आला तसा तो बदलला, आणि हे लपवण्यासारखं नाही. 'आइस पॉयझन' बर्लिनच्या महोत्सवाला गेला, एडिनबरोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट ठरला, तैवानने तोच ऑस्करसाठी पाठवला. 2016 मध्ये गोल्डन हॉर्सने त्याला वर्षातला उल्लेखनीय तैवानी चित्रकर्मी म्हणून गौरवलं. 2019 चा 'नीना वू' फ्रान्सच्या कान महोत्सवातल्या 'अं सर्टन रिगार' विभागात होता. त्याची कथा वू के-शीने लिहिली, चित्रपटसृष्टीत नटीचं काय काय होतं त्याबद्दल, आणि पटकथेवर दोघांनी मिळून काम केलं. तोवर स्वतःच लिहिणाऱ्या माणसाने आपल्या नटीच्या कागदावरून सिनेमा केला, हे मला त्याच्या बक्षिसांपेक्षा मोठं वाटतं. 2024 मध्ये त्याने चीनमध्ये 'द अनसीन सिस्टर' केला, मोठ्या स्टार नटीला घेऊन. चकचकीत आहे. माझं मन 2018 पर्यंतच्या कामात जास्त रमतं. पण त्या कामातला माणूस जन्मभर डिकीतच बसावा असं म्हणणारी मी कोण!

बघायचा क्रम माझ्या मते असा. आधी 'आइस पॉयझन'. त्यात दम लागला नाही तर 'द रोड टू मंडाले', तो बांधणीने जास्त सरळ आहे, घरच्यांबरोबरही बघता येईल, शेवट सोडून. मग 'फोर्टीन ॲपल्स'. 'रिटर्न टू बर्मा' सगळ्यात शेवटी बघा. आधी बघितलात तर "हे तर मीही करू शकतो" म्हणून बंद कराल. शेवटी बघितलात तर तेच वाक्य वेगळ्या आवाजात म्हणाल. 'पुअर फोक', 2012 चा, बँकॉक आणि सीमेवरच्या वस्त्यांतला, वेळ उरला तर.

'आइस पॉयझन' बघताना वही जवळ ठेवा. बाप-लेक किती दारांत जातात, प्रत्येक दारात नकार कुठल्या कारणाने मिळतो, ते एकाखाली एक लिहा. मग समोरच्या पानावर तुमच्या ओळखीतली दारं लिहा, जिथे तुम्ही स्वतः किंवा घरचं कोणी उसने मागायला गेलेलं आहे, आणि तिथे काय कारण मिळालं होतं तेही. जागांची यादी, माणसांची यादी आणि ही दारं, तिन्ही पानं समोर ठेवून पहिला सीन लिहायला घ्या. तुळशीच्या लग्नाच्या आत.